बोटे गमावलेल्या कोहेनला आशीर्वाद देता येतो का?

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, हात उंचावून दिला जाणारा याजकांचा आशीर्वाद नेमका कोण देऊ शकतो आणि हाताला व्यंग असलेला कोहेन, म्हणजे याजक घराण्यातला माणूस, त्यातून बाद होतो का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: सरसकट बाद होत नाही, आणि होतो असे सांगणाऱ्याने नियम अर्धाच वाचलेला असतो.

मी मूळचा ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातला, आता इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. आमच्या समाजात परंपरेने कोहेन नाहीत. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आशीर्वादाची तीन वचने हात न उंचावता प्रार्थनेच्या ओघात म्हणतो, एवढेच मी लहानपणापासून ऐकत आलो. जावई मिळाला तो मात्र ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरच्या कोहेन घराण्यातला. इथे हा आशीर्वाद रोज सकाळी होतो, आणि त्याने पहिल्यांदा हात उंचावले तेव्हा आमच्यातली म्हातारी माणसे रडली होती. पुढे नऊ वर्षांनी लेथवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. जखम भरून तो परत आला त्या सकाळी, हे काम ज्यांचे त्या लेवी वंशातले आमच्यात कोणी नसल्यामुळे, आईचा पहिला मुलगा म्हणून त्याच्या हातांवर पाणी मीच घातले. तांब्यातले पाणी बोटांच्या रिकाम्या जागेतून सरळ खाली पडत होते. तो बूट काढून उभा राहिला, तोच माझ्या थोरल्या मेहुण्यांनी त्याला अडवले आणि लोकांचे लक्ष बोटांकडे जाईल म्हणून वर जाऊ नकोस, असे सर्वांदेखत सांगितले. तो काही न बोलता, बूट हातात घेऊन, मोजांवरच बाहेर गेला. मी तेव्हा गप्प राहिलो, याची खंत मला आजही आहे.

मेहुण्यांनी मिश्नाचा, म्हणजे ज्यू नियमांच्या प्राचीन संग्रहाचा, आधार दिला: हातावर व्यंग असलेल्या याजकाने हात उंचावू नयेत. परंतु त्यामागचे कारण लोक टक लावून पाहतील एवढेच आहे, त्या माणसाचे याजकपण उणावते असे नाही. म्हणूनच शुल्हान आरुख या नंतरच्या नियमग्रंथात लगेच पुढे म्हटले आहे की गावाला ज्याचे व्यंग सवयीचे झाले आहे त्याने आशीर्वाद द्यावा, आणि गावात तीस दिवस राहिलेला माणूस सवयीचाच धरावा. शिवाय याजकाने तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, चेहऱ्यावर ओढून हातही तिच्या आत ठेवण्याची जिथे रीत आहे तिथे तर हरकतच उरत नाही, आणि आमच्याकडे तीच रीत आहे. रामबाम, म्हणजे मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिडीस, तर सांगतात की साध्यासुध्या कोहेनच्या आशीर्वादाने काय होणार असे मनातही आणू नये, कारण आशीर्वाद देतो तो देव. १९६४ साली आमचे ज्यूपण निखळ मानले जावे म्हणून ज्या समाजाला जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावे लागले, त्या समाजातल्या माणसाने दुसऱ्याची बोटे मोजावीत, हे मला मुळीच मान्य नाही.

तरीही काही बंधने खरीच आहेत. जो पहिला महायाजक अहरोन याच्या पितृवंशातला नाही त्याने हात उंचावूच नयेत. ज्याने मनुष्यवध केला आहे, ज्याने घटस्फोटितेशी लग्न केले आहे किंवा जो मद्य प्यालेला आहे, त्यानेही नाही. हात शालीबाहेर ठेवण्याची रीत असेल आणि कोहेन गावात नवखा असेल, तर आधी रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारावे, आणि तेही प्रार्थना सुरू होण्यापूर्वी, त्याने बूट काढल्यावर नव्हे.