विशेष दलात जाऊ पाहणाऱ्या पुतण्यास

बाबू, पहाटे कालव्याच्या पाळीवर काळी माती बुटांना चिकटून पाय जड होतात, तरी तू थांबत नाहीस, हे मी रोज पाहतो आणि मला अभिमान वाटतो; परंतु ज्या दलाचे नाव मनात धरले आहेस, त्याची रचना आधी नीट समजून घे. भूदलाचे पॅरा एसएफ (पॅराशूटने उतरणारे विशेष दल), नौदलाचे १९८७ मध्ये उभे राहिलेले मार्कोस आणि हवाई दलाचे २००४ मधील गरुड ही तिन्ही आपापल्या सेनेची दले आहेत. एनएसजी (नॅशनल सिक्युरिटी गार्ड) गृह मंत्रालयाखाली येते, तिची यांच्याशी गल्लत करू नकोस.

शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाणाऱ्या तुकडीला विमान एका सेनेचे, पाणबुडी दुसऱ्या सेनेची लागते, म्हणून एकच सेनापती हवा. संरक्षण सुधारणांसाठी नेमलेल्या नरेश चंद्र समितीने त्यासाठी स्वतंत्र कमांडची, म्हणजे तिन्ही सेनांच्या विशेष दलांसाठी एकाच मुख्यालयाची, शिफारस केली होती. प्रत्यक्षात २०१९ मध्ये मेजर जनरलच्या हाताखाली त्याहून लहान असा संयुक्त विशेष मोहीम विभाग स्थापन झाला. माझ्या मते पूर्ण कमांड व्हायलाच हवी.

तुकडी अगदी लहान असते. तीत कोणी रेडिओ सांभाळतो, कोणी जखमा बांधतो, कोणी स्फोटके हाताळतो. तेव्हा नुसते धावू नकोस, नकाशा वाचायला आणि प्रथमोपचार करायलाही शीक. आधी सैन्यात भरती, मग स्वेच्छेने प्रोबेशन, म्हणजे निवडीआधीचा कठोर परीक्षेचा काळ. त्यात बहुतेक जण गळतात, आणि मूळ पलटणीत परतण्यात कमीपणा नाही. पॅरा एसएफचे छातीवरचे ‘बलिदान’ चिन्ह मात्र त्यातून तावून निघालेल्यालाच मिळते.