‘इगो हर्ट’ झालेला बैल

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : ‘आमच्या दावणीला दोन खिलार बैल आहेत. धाकट्याला आधी पेंड घातली की थोरला तोंड फिरवतो, मग दिवसभर वैरणीला शिवत नाही. मुलगा म्हणतो, त्याचा इगो हर्ट झाला. जनावराला इगो असतो का? आणि इगोला शुद्ध मराठी शब्द कोणता?’

बैलाचे नंतर बघू. आधी त्या ‘इगो हर्ट’चे. सात रस्त्यावर रिक्षावाल्याला दहा रुपये कमी दिले, त्याचा इगो हर्ट. लग्नात फेटा बांधायला विसरले, मामाचा इगो हर्ट. सासूने आमटीला नाव ठेवले, सुनेचा इगो हर्ट. अहो, पहिला चिडलाय, दुसऱ्याचा मानपान चुकलाय, तिसरीला वाईट वाटलंय. तीन वेगळ्या गोष्टींना एकच पट्टी लावून वर आपण मानसशास्त्र बोलतोय असा आव आणायचा!

ज्या फ्रॉइडच्या नावावर हा शब्द खपतो, त्याने 1923 च्या आपल्या जर्मन पुस्तकात ‘दास इश’ असे लिहिले. म्हणजे ‘मी’. पोरंसोरं बोलतात तो साधा ‘मी’. इंग्रजी भाषांतरात त्या जागी लॅटिन ‘इगो’ येऊन बसला आणि शब्दाला दवाखान्याचा वास लागला. मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी पुढे या भाषांतरावर सडकून टीका केली, ती मला पटते.

लॅटिन ‘इगो’ आणि संस्कृत ‘अहम्’ ही एकाच कुळातली भावंडे. गुजरातीचा ‘हुं’ आणि कोंकणीचा ‘हांव’ त्याच अहम्‌चे वंशज. आपण मात्र अहम्‌ला घराबाहेर काढले आणि ‘मया’ या तृतीयेच्या रूपापासून ‘मी’ घडवला. बाहेर काढलेल्याचा चुलतभाऊ आता इंग्रजी शाळेतून शिकून परत आलाय, इतकेच.

आता ‘अहंकार’. कोश उघडला की ‘गर्व, घमेंड’ असे दोन शब्द पुढे टाकून मोकळे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक याचा विग्रह कुंभकारासारखा करतात : मडके करतो तो कुंभकार, ‘मी’ घडवतो तो अहंकार. ऐकायला छान. पण गुरुजी, मराठी बोलताना आपण ‘कार’ कुठे कुठे वापरतो ते जरा बघा की. नकार म्हणजे ‘न’ म्हणणे. होकार म्हणजे ‘हो’ म्हणणे. धिक्कार म्हणजे ‘धिक्’ म्हणणे. हाहाकार, जयजयकार, हुंकार, ओंकार. नमस्कारसुद्धा मुळात ‘नमः’ म्हणणेच. मग अहंकारच तेवढा कुंभारवाड्यात का पाठवायचा? अहंकार म्हणजे ‘अहम्!’ असे म्हणणे. ती एक हाक आहे. हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. व्हॅन ब्यूटेनेन या डच पंडिताने 1957 साली हे मांडले आणि बृहदारण्यक उपनिषदाचा आधार दिला. त्यात आरंभी एकटा असलेला आत्मा इकडेतिकडे बघतो, स्वतःखेरीज कुणी दिसत नाही, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो : ‘सोऽहमस्मि’, मी आहे. पुढचे वाक्य तर मला फारच आवडते. म्हणूनच आजही कुणी हाक मारली की माणूस आधी ‘हा मी’ म्हणतो, मग आपले दुसरे नाव सांगतो.

खरे-खोटे सोलापुरात तपासून बघा. दिवे गेलेत, कुणीतरी कडी वाजवतंय. ‘कोण?’ ‘मी.’ ‘मी कोण बे?’ मग नाव. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात ‘एवरु?’ म्हणून विचारा, उत्तर येईल ‘नेनु’. कन्नड घरात ‘यारु?’, उत्तर ‘नानु’. तिन्ही भाषांत नाव मागून येते. एवढ्या जुन्या ऋषीला कडी वाजवणाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता, आणि आमचे गुरुजी अजून चाकावर मडके फिरवतायत.

जाता जाता, ‘अस्मिता’चेही तेच. ‘अस्मि’ला ‘ता’ लागला. पतंजलीने ती पाच क्लेशांत घातली आहे, अविद्येच्या लगेच पुढे. आपण ती फलकावर रंगवतो.

आता जनावरे. सांख्य दर्शनवाल्यांना हा प्रश्न पडलाच नसता. त्यांच्याकडे अहंकार हे प्रकृतीचे एक तत्त्व आहे, बुद्धीतून निघालेले, आणि ते प्रत्येक जिवाबरोबर असते. तिर्यक् योनीचे, म्हणजे माणसाखालच्या जिवांचे, पाच प्रकार सांगताना त्यांनी स्थावरही मोजले आहेत, म्हणजे तुमच्या बांधावरच्या बाभळीलाही अहंकार आहे. शास्त्रज्ञ आरसा लावतात, प्राणी त्यात स्वतःला ओळखतो का ते बघायला. 1970 साली गॉर्डन गॅलप यांनी गुंगीतल्या चिंपांझींच्या भुवईवर आणि कानावर तांबडा रंग लावला. जागे झाल्यावर आरशात बघून ते नेमके तिथेच बोट लावू लागले. 2006 मध्ये न्यूयॉर्कची हॅपी नावाची हत्तीणही या परीक्षेत उतरली. कुत्री नापास. पण जो प्राणी जग नाकाने वाचतो, त्याला आरसा दाखवून नापास करणे म्हणजे आंधळ्याला चित्रकलेत शून्य देणे. माझ्या स्कूटरच्या आरशावर रोज सकाळी एक चिमणी चोची मारते. तिला समोर वैरीण दिसते. तिला ‘मी’ नाही हे त्यावरून कोण ठरवणार?

मराठीने हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. माणसाच्या तोऱ्याला आपण शब्द कुठून आणले? गोठ्यातून. म्हैस माजावर येते, आणि नगरसेवकाच्या पुतण्यालाही माज येतो. माजणे हे ‘माद्यति’पासून आले, प्राकृतात ‘मज्जइ’. धातू मद्. हत्तीच्या डोळ्याजवळून झरतो तो मद, त्याचाच मत्त, उन्मत्त, आणि प्रमादसुद्धा. फारसीने त्याच जुन्या धातूपासून ‘मस्त’ केला, त्याची ‘मस्ती’ आपल्याकडे परत आली. म्हणजे ‘माज आलाय का, मस्ती आलीय का’ असे ओरडणारी आई एकाच शब्दाने दोनदा झोडपत असते, एकदा प्राकृतातून आणि एकदा फारसीतून. सांगोल्याच्या बाजारात बैल बघणारा शेतकरी ‘रग हाय अंगात’ म्हणतो ती स्तुती असते. तेच पोराबद्दल म्हटले की तक्रार.

राहिला तुमचा थोरला. त्याला माज नाही. माजलेला बैल शिंगे रोवून माती उकरतो, पेंड सोडून तोंड फिरवत नाही. आपल्या हक्काच्या माणसाने आपल्याला डावलले म्हणून अन्नाला न शिवणे, याला मराठीत एक क्रियापद आहे : रुसणे. संस्कृत ‘रुष्यति’, प्राकृत ‘रूसइ’. मूळ अर्थ नुसता रागावणे. त्यात लाड आणि हक्क आपण घातला. मुलाला सांगा, बैल रुसलाय. आणि उद्यापासून पेंड आधी त्याला घाला.