बर्फ चघळावासा वाटतो? आधी रक्त तपासा

प्रश्न : डॉक्टर, मी घणसोलीला राहते, वय ४१, दोन मुलं. ऑफिस ठाण्याला, रोज ट्रान्स हार्बरने जाते. दीड वर्ष झालं, पाळी आली की नऊ-दहा दिवस थांबत नाही, पहिले तीन दिवस दोन पॅड एकावर एक लावते तरी दीड-दोन तासांत भरतात, गाठी पडतात, रात्री दोनदा उठावं लागतं. स्टेशनचा जिना चढताना मधेच थांबून दम खाते. सासूबाई म्हणतात पाळी जायची वेळ आली की असंच असतं. इथल्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) आहे, मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. काढू का? आणि हसू नका, पण हल्ली सारखा बर्फ चघळावासा वाटतो, फ्रीजमधला ट्रे मी एकटीच संपवते.

उत्तर : ताई, हसायचं कशाला, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटायला लागलं की शरीरातलं लोह संपत आलंय का ते आधी बघायचं असतं. जिन्यावरचा दम, थकवा बहुतेक त्याचाच, तुम्ही काही आळशी झालेल्या नाही. उद्याच सीबीसी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, पण कधीकधी ते १२ च्या वर दिसतं आणि साठा मात्र रिकामा असतो, म्हणून फेरिटिनचा आग्रह. ते ३० च्या खाली असेल तर आम्ही लोह कमी धरतो. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खा जरूर, पण महिन्याला एवढं रक्त जात असेल तर नुसत्या त्याने भरून निघत नाही, गोळ्याच लागतात. गोळी चहासोबत घेऊ नका, दोन्हींत एक-दोन तास जाऊ द्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत, पुढे तीनेक महिने चालू ठेवायच्या. आणि ते फारच खाली असलं तर सलाईनमधून लोह देतात.

आता तुमचं जातं ते जास्त आहे का? आहे, शंकाच नको. पुस्तकात एका पाळीला ८० मिलिपेक्षा जास्त असं लिहिलेलं असतं पण घरी कोण मोजणार. सात दिवसांवर जाणं, दर एक-दोन तासाला पॅड भरणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, रात्री पॅडसाठी उठावं लागणं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरांकडे जायला पुरेसं आहे. सासूबाईंचं अर्धं खरंय, चाळिशीत हार्मोन्स वरखाली होतात आणि पाळी बिघडते, पण म्हणून ते अंगावर काढायचं असं नाही. त्यांच्या काळी दुसरं काय होतं हाताशी, म्हणून तसं म्हणतात.

पिशवीचं म्हणाल तर मी एवढ्यावर काढू देणार नाही. फायब्रॉइड खूप बायकांना असतात आणि त्यातले कित्येक काही त्रास देत नाहीत. तो केवढा आहे आणि कुठे आहे ते विचारा, पिशवीच्या आतल्या बाजूला असेल तर रक्त जास्त जातं आणि तो बऱ्याचदा खालून दुर्बिणीने काढता येतो, पोटावर टाका नाही. शिवाय थायरॉइड, पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब), तांबी बसवलेली असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, ही कारणंही असतात. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), आणि पंचेचाळिशी उलटली असेल किंवा वजन, डायबेटिस असेल तर आतल्या अस्तराचा तुकडाही तपासतात. उपचारात रक्त जाणं कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या जास्त जातं त्या चार-पाच दिवसांपुरत्या असतात (पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर नाहीत, डॉक्टरांना आधी सांगा), आणि हार्मोनवाली तांबी बऱ्याच जणींना फार चांगली लागू पडते. पहिले तीन-सहा महिने डाग पडत राहतात, तेवढ्यात कंटाळून काढून येऊ नका. हे सगळं करूनही थांबलं नाही तर पिशवीचा विचार. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या आठवतंय ना, तरण्या वयात पिशव्या काढलेल्या. २०२३ मध्ये तर सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं की गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखायचे नियम सगळ्या राज्यांनी लागू करावेत. दुसरं मत घ्या, वाशीला महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये दाखवा, रिपोर्ट सोबत न्या. आणि तासाला एक पॅड असं सलग दोन तास झालं किंवा चक्कर आली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : कळव्याहून लिहितेय. मुलगी १३ वर्षांची, पहिल्या पाळीपासूनच खूप जातं, शाळा बुडते. लहानपणी दाढ काढली तेव्हाही रक्त थांबत नव्हतं. नवीन आहे म्हणून असेल का?

उत्तर : दाढेचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पाळी नवीन असताना अनियमित असते हे खरं, पण पहिल्यापासून इतकं जातंय आणि दाढेलाही थांबेना, म्हणजे रक्त गोठण्यातच काही कमी आहे का ते बघायला हवं. फॉन विलेब्रँड नावाचा आजार असतो, तो घराण्यात चालतो, तुम्हाला किंवा तुमच्या आईला बाळंतपणात असं झालं होतं का, घोळणा फुटायचा का, ते आठवून लिहून ठेवा. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हिमॅटॉलॉजीचा, म्हणजे रक्ताच्या आजारांचा विभाग आहे, तिथे दाखवा. तोवर पोटात दुखलं तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलं काही मेडिकलमधून आणून देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. आणि वर्गात बाईंना आधीच सांगून ठेवा, तिने हात वर केला की काही न विचारता बाहेर सोडायचं.