चार दिवसांत पाच मासे गेले, हा कोणता रोग?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकच्या मखमलाबादला बंगल्यामागे सिमेंटचं तळं, १२ बाय ८ फूट, पाणी अडीच फूट. ९ कोई (मोठे होणारे रंगीत जपानी मासे) आणि ७ गोल्डफिश. बुधवारपासून शनिवारपर्यंत पाच गेले. उरलेले पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात, दोघं दगडावर अंग घासतात, एका गोल्डफिशवर पांढरे ठिपके आहेत. दुकानातून निळं औषध आणून टाकलं, फरक नाही. तुम्ही विचारताय, कोणता रोग आणि कोणतं औषध.

माझं लक्ष मात्र तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका ओळीवर अडलं. ‘उन्हाळा लागायच्या आत म्हणून गेल्या रविवारी सगळं पाणी उपसलं, तळं घासून काढलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला आणि अर्धं बोअरचं, अर्धं नळाचं पाणी भरलं.’ मला वाटतं, तुमचं उत्तर त्या ओळीतच आहे. मासे आजारी आहेत ते पाण्यामुळे. रोग असलाच तर तो मागून आलेला.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं यातूनही अमोनियाच होतो. जुन्या तळ्यात तो साठत नाही, कारण दगडांवरच्या बुळबुळीत थरात आणि फिल्टरच्या स्पंजात जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, शेवाळ आणि कमळं ते खातात. रविवारी तुम्ही घाण म्हणून जे घासून काढलं तो हाच थर होता आणि स्पंजात जे उरलं असेल ते नळाच्या क्लोरीनने मेलं. ही वस्ती पुन्हा बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मासे मात्र पूर्वीइतकेच, खाणंही दोन वेळा पूर्वीसारखंच. रविवारी साफसफाई आणि बुधवारी पहिला मासा, हे अंतर अगदी जुळतं.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते कारण मी स्वतः यातून गेले आहे. आमच्या म्हसरूळच्या अंगणात पहिलं तळं केलं त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी ते असंच लख्ख घासलं. आठवड्यात नऊ गोल्डफिश गेले. रोज एक नवीन औषध टाकत होते. आठव्या दिवशी तळ्याचं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. सातपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासणं हेच माझं काम होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्यातला अमोनिया मोजायचा आणि घरच्या माशांचं पाणी एकदाही तपासायचं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या पाण्याचा आकडा पाहिल्यावर औषधं बंद केली आणि उरलेले मासे वाचले.

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम, पाणी तपासा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे किट मिळतात. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) हे तीन हवेतच. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं. आरओवाला वापरतो तो टीडीएस मीटर इथे उपयोगाचा नाही. तो विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात अमोनिया किती हे त्याला कळत नाही. टीडीएस उत्तम आणि मासे मरतायत, असं मी पुष्कळ घरी पाहिलं आहे.

किटवरचा अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारी पीएच ठेवा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक बराचसा निरुपद्रवी. किट दोन्ही मिळून मोजतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर जहाल भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ ला तो साधारण ५ टक्के आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे किट लिटरला १ मिलिग्रॅम दाखवत असेल तर पीएच ७ ला मासा कसाबसा तग धरतो, ८.५ ला त्याचे कल्ले भाजून निघतात. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. बोअरचं पाणी खडकातून आलेलं, बहुतेक ठिकाणी जड. त्यात तुमचं तळं सिमेंटचं आणि नुकतंच घासलेलं. घासलेल्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच वर चढतो. (नवीन टाकीत केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ती दोन-तीनदा भरून रिकामी करण्याची आपली जुनी पद्धत याचसाठी आहे.) शिवाय शेवाळ असलेल्या तळ्याचा पीएच पहाटे कमी आणि ऊन खाल्ल्यावर संध्याकाळी जास्त असतो. म्हणून दोनदा मोजा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. एकाच वेळी मोजून अर्धीच गोष्ट कळते.

आता पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करण्याबद्दल. याची कारणं दोन आणि बहुधा तुमच्याकडे दोन्ही आहेत. अमोनियाने कल्ले सुजले की पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा तो घेऊ शकत नाही. आणि ऑक्सिजन मुळातच कमी असेल तर त्याची नीचांकी वेळ पहाटेची असते, कारण रात्रभर शेवाळ, जिवाणू, मासे सगळे तो वापरतात आणि नवीन काही तयार होत नाही. मासे फक्त पहाटे वर येत असतील आणि नऊपर्यंत सावरत असतील तर ऑक्सिजनकडे बघा. दिवसभर वरच राहत असतील तर कल्ले बिघडलेत. आणखी एक खूण, ऑक्सिजन कमी पडला की मोठे मासे आधी जातात. तुमचे पाचपैकी तीन मोठे कोई होते, हे मला बोलकं वाटलं. आणि तुम्ही लिहिलंय की वीजबिलासाठी पंप रात्री बंद असतो. कृपा करून तो आजपासून चोवीस तास चालू ठेवा. नेमकी रात्रीच त्याची गरज असते आणि पाणी वाहायचं थांबलं की फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. हवेचा छोटा पंप मिळाला तर तोही सोडा. पाणी तापत जाईल तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, १५ अंशाला लिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. मार्च लागला आहे, पुढचे तीन महिने हा प्रश्न वाढतच जाणार.

निळं औषध बहुधा मेथिलिन ब्लू असेल. ते वाईट नाही, पण तळ्यात टाकायचं नाही, वेगळ्या टबात वापरायचं. तळ्यात ते उरलेसुरले उपयोगी जिवाणूही मारतं. आणखी टाकू नका.

पाण्याचं काम असं करा. तुमच्या तळ्यात १२ × ८ × २.५, म्हणजे २४० घनफूट, घनफुटाला २८.३ लिटर धरून सुमारे ६,८०० लिटर पाणी आहे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. अंदाजाने टाकलेल्या औषधाने मेलेले मासे मी बरेच पाहिले आहेत. खाणं चार दिवस पूर्ण बंद. मोठ्या माशाला चार दिवसांच्या उपासाने काही होत नाही, ही भीती मनातून काढा. रोज पाव भाग, म्हणजे १,७०० लिटर पाणी बदला. नळाचं पाणी थेट पाईपने सोडू नका. गच्चीवरच्या टाकीत ते २४ तास उघडं ठेवा किंवा क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घाला, दुकानात त्यालाच ‘अँटी-क्लोरीन’ म्हणतात, फोटोवाले ‘हायपो’ म्हणायचे. १,७०० लिटरला १७ ग्रॅम पुरे. गच्चीवरचं पाणी सकाळीच सोडा, दुपारी ते चटका बसेल इतकं तापतं. बोअरचं पाणी सोडायचं तर उंचावरून, फेस येईल असं पाडा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो.

साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया खाली येईल आणि तुम्हाला हायसं वाटेल. तेव्हाच नायट्राइट वर चढतं. ते रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी होतं. जिवंत माशाचं कल्ल्यावरचं झाकण ओल्या हाताने हलकेच उचलून बघा. आतले कल्ले लालभडक हवेत, चॉकलेटी दिसले तर नायट्राइट. (मेलेल्या माशाचे कल्ले बघून काही ठरवू नका, ते लगेच फिके पडतात.) यावर साधं खडे मीठ चालतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत येऊ देत नाही. हजार लिटरला १ किलो या हिशेबाने तुम्हाला पावणेसात किलो लागेल. बादलीत विरघळवून, एका दिवसात तीन वेळा थोडं थोडं सोडा. कमळाच्या कुंड्या त्याआधी बाहेर काढा. मीठ उडून जात नाही. त्यामुळे नंतर फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं, १,७०० लिटरला १.७ किलो, जास्त नाही. ओळखीच्या कुणाकडे जुनं, निरोगी तळं असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि तुमच्यात ठेवा. जिवाणूंची वस्ती त्याने लवकर बसते.

आता ठिपके. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर, रांगेत, एकसारखे आहेत का? मासा एरवी तरतरीत आहे का? मग तो रोग नाही, तो नर आहे. थंडी सरली की विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नरांना असे खरखरीत दाणे येतात आणि हंगाम संपला की जातात. मला याचा फोटो हवा आहे. ठिपके मीठ भुरभुरल्यासारखे सगळ्या अंगावर आणि शेपटीवर असतील तर मात्र तो ‘इक’, पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. तो ठिपक्यात असताना औषधाला दाद देत नाही, अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो, म्हणून एकदा औषध टाकून भागत नाही. सध्याच्या तापमानात त्याची फेरी काही दिवसांत पूर्ण होते, थंडीत आठवडे लागतात. जवळच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर अंगावरचा चिकट थर काचेवर घेऊन बघा. इकचा जीव गोल असतो, सावकाश फिरतो आणि आत घोड्याच्या नालेसारखा आकार दिसतो. एकदा पाहिलात की विसरणार नाही.

अंग घासणं अमोनियाच्या जळजळीनेही होतं, त्यावरून लगेच किडे समजू नका. पण तुम्ही महिन्यापूर्वी दोन नवे कोई आणलेत, म्हणून एकदा नीट बघून घ्या. दोऱ्यासारखं काही खवल्यातून लोंबत असेल, मुळाशी लालसर जखम असेल, तर तो लर्निया नावाचा परजीवी. तो चिमट्याने मुळापासून ओढून जखमेवर बीटाडीन लावायचं. मसुराएवढा चपटा, पारदर्शक, सरकणारा ठिपका असेल तर ती माशाची ऊ. दोन्हीपैकी काही सापडलं तर लिहा, औषध मग ठरवू. पुढच्या वेळी नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवूनच तळ्यात सोडा.

शेजारी द्राक्षबाग आहे म्हणून फवारणीचा संशय तुम्ही घेतलात, तो रास्त आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर चालतात तेव्हा वाऱ्याने आलेलं कीटकनाशक आणि मोरचूद, दोन्ही माशांना घातक. त्या दिवसांत तळ्यावर ताडपत्री टाकत जा. पण आत्ता काढणी चालू आहे, फवारणी फारशी नसते. आणि विषाने झालं असतं तर मासे रोज एक-एक न जाता काही तासांत तडफडून गेले असते, बेडूक आणि पाण्यावरचे किडेही मेले असते. तुमच्याकडे बेडूक ओरडतायत असं तुम्हीच लिहिलंय.

उरलेल्या अकरांपैकी जो एका कोपऱ्यात पर मिटून बसतो तो टबात काढावासा वाटेल. अमोनिया कळेपर्यंत काढू नका. छोट्या टबात तो आणखी लवकर साठतो. आणि खवले उभे राहून अंग फुगलेला एखादा दिसला तर तो बहुधा वाचणार नाही. त्याच्यासाठी सगळ्या तळ्यात औषध ओतू नका.

किट आणलंत की मला चार आकडे लिहा: सकाळचा पीएच, संध्याकाळचा पीएच, अमोनिया, नायट्राइट. ठिपक्यांचा फोटो वरून नको, बाजूने काढा. रात्री लिहिलंत तरी मी पहाटे उठल्यावर बघते.