घरात आठ फुटी पूल टेबल घेतलंय, वर कोणता दिवा लावावा?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबल बसलंय, इंटिरियरवाला त्यावर तीन लटकते पिवळे दिवे सुचवतोय, घरच्यांना झुंबर आवडलंय, आणि किती वॅटचं घ्यावं, किती खर्च येईल हेही विचारलंय. झुंबर जेवणाच्या टेबलावर लावा. आणि ते तीन पिवळे दिवे तर मुळीच नकोत. अगदी तसेच दिवे माझ्या थोरल्या भावाच्या घरी लागले होते आणि त्यांच्यामुळे माझ्या वडिलांची चारचौघांत जी शोभा झाली ती मला अजून बोचते, म्हणून सविस्तर लिहितोय.

अण्णा मुंबईतल्या एका जिमखान्यात बिलियर्ड्स मार्कर होते. १९६३ ते २००४, एक्केचाळीस वर्षं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं होतं आणि त्या नावाच्या ओढीनेच अण्णा या कामाला लागले. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, एवढंच लोकांना माहीत असतं. पण टेबलाला ब्रश मारायचा, कापडाला इस्त्री करायची, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टिपा चिकटवायच्या, नव्या मेंबरला क्यू धरायला शिकवायचं, हे सगळं त्यांच्याकडे. आणि दिवे. तिथलं टेबल बारा फुटी. त्यावर हिरव्या झालरीचं लांबच लांब छत, आत सहा बल्ब. एक बल्ब गेला की अण्णा त्याच्या समोरचाही बदलायचे, कारण जुना बल्ब मंदावलेला असतो आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचा उजेड त्यांना खपत नसे. पावसाळ्यात मेंबर यायच्या अर्धा तास आधी दिवे लावून ठेवायचे, म्हणजे बल्बच्या उबेने कापडाची ओल जाते आणि बॉल नीट पळतो. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा ते मला एक बॉल टेबलाच्या मधोमध ठेवून दाखवायचे. सावली बॉलच्या पायाशी चारी बाजूंनी सारखी बसली पाहिजे. ती एका बाजूला लांब पळाली तर उजेड चुकला.

२०१७ साली दादाने नाशिकला रो-हाऊस घेतलं. वास्तुशांतीला सगळे जमलो. वरच्या खोलीत आठ फुटी टेबल, त्यावर पितळी टोप्यांचे तीन लटकते दिवे, आणि त्यांच्या वर छताचा पंखा. जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "अण्णा, उद्घाटन तुम्हीच करा." अण्णा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. त्यांनी टिपेला खडू लावला, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि वर बघून म्हणाले, "उजेड बरोबर नाही रे." कुणी लक्ष दिलं नाही. समोर सोपा शॉट होता. बॉल लांबच्या कुशनपासून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपासून, चार बोटांवर, कोपऱ्यातलं पॉकेट उघडं, जवळपास सरळ रेषेत. असे शॉट त्यांनी मेंबरांना शिकवण्यासाठी रोज शेकड्यांनी मारले असतील. बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा बाहेर. वहिनींचे भाऊ म्हणाले, "डोळे गेले आता अण्णांचे." सगळे हसले, दादासुद्धा. अण्णांनी क्यू स्टँडला लावला, बोटांचा निळा खडू रुमालाने सावकाश पुसला आणि खाली जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा वर आले नाहीत.

मी त्यांच्यानंतर तिथेच बराच वेळ थांबलो होतो. पंख्याच्या वाऱ्याने तिन्ही दिवे किंचित झुलत होते. बॉल जागेवर स्थिर होता आणि त्याची सावली कापडावर मागेपुढे सरकत होती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मी भोसरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे खात्यांतला उजेड मोजायला लक्समीटर असतो. साहेबांना विचारून तो घेऊन मी पुढच्या महिन्यात नाशिकला गेलो. मधल्या दिव्याच्या बरोबर खाली ११४० लक्स, दोन दिव्यांच्या मध्ये ३१०, आणि ज्या कोपऱ्यात अण्णांचा बॉल चुकला तिथे ८५. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत कापडावर आणि कडांवर सगळीकडे किमान ५२० लक्स हवा असं आहे. आपण बॉलच्या कडेवरून नेम धरतो. एकाच बाजूने झगझगीत उजेड पडला की बॉलची दुसरी कड अंधाऱ्या कापडात मिसळून जाते, बॉल आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो आणि नेम केसभर सरकतो. पॉकेट चुकायला तेवढं पुरतं.

दादाचं म्हणणं होतं, आपण चाळीत कॅरम एका बल्बवर खेळलोच ना, तिथे तर कधी कुणाचा नेम चुकला नाही. हा मुद्दा तुमच्याही घरी निघेल, म्हणून हिशोब देतो. कॅरमची खेळायची जागा २९ इंची चौरस. मध्यावर तीस इंचांवर बल्ब असेल तर कोपऱ्यात मध्याच्या निम्म्याहून जास्त उजेड पोचतो. सोंगट्या चपट्या, त्यांना सावली ती काय पडणार. आठ फुटी पूल टेबलाची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. मध्यावर ३६ इंचांवर तसाच एक बल्ब टांगला तर कोपऱ्यात जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो, आणि बॉल सव्वादोन इंच उंच, त्याची सावली मोजता येते. एका बल्बऐवजी खोल टोप्यांचे तीन लावले की मधे तीन झगझगीत वर्तुळं उमटतात आणि कोपरे अंधारातच राहतात. एका दिव्याने भागत असतं तर त्या जिमखान्याने सहा बल्ब कशाला जाळले असते?

२०१८ च्या फेब्रुवारीत मी स्वखर्चाने दिवा करून नेला. वहिनी हो म्हणाल्या म्हणून जमलं, दादा शेवटपर्यंत कुरकुरत होता. ॲल्युमिनियमच्या चॅनेलची साडेचार फूट बाय सव्वादोन फूट चौकट केली. लांब बाजूंना चार फुटी, वीस वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, आखूड बाजूंना दोन फुटी, दहा वॅटच्या दोन. एकूण साठ वॅट, सहा हजार ल्युमेनच्या आसपास. खाली दुधी ॲक्रिलिक. बाहेरच्या कडेला तीन इंची पट्टी खाली आणली, म्हणजे समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांत ट्यूब येत नाही. चारी कोपऱ्यांना चार साखळ्या, स्लॅबला चार हूक. पंखा तिथून काढून भिंतीवर दोन लावले. चौकटीची खालची कड कापडापासून ३८ इंचांवर ठेवली. टेबल तीस इंच उंच धरलं तर जमिनीपासून ६८ इंच होतात. पुन्हा मीटर लावला. मध्यावर ८८०, चारही कोपऱ्यांत ५४० च्या वर.

ट्यूब घेताना दुकानदार तुम्हाला ६५०० केल्विनची पांढरीफटक देईल. ती घेऊ नका. ४००० ची, बाजारात नॅचरल व्हाइट म्हणतात ती मागा. आणि खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो ९० किंवा वर हवा. हे लोक उगीच सांगतात असं वाटतं, पण दादाच्या जुन्या दिव्यांखाली माझा पुतण्या तपकिरी-लाल सात नंबरच्या बॉलला लाल तीन नंबरचा समजून मारायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. स्वस्तातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) असलेली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. नुसतं बघून ते कळत नाही, पण जोरात मारलेला बॉल एकामागे एक ठिपक्यांसारखा दिसायला लागतो. दुकानातच मोबाईलचा कॅमेरा ट्यूबवर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती परत द्या.

स्लॅबला चिकटवलेल्या पॅनेलचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. खोलीच्या उजेडासाठी एखादं मंद पॅनेल जरूर ठेवा, टेबलाभोवती काळोख असला की डोळे लवकर थकतात. पण टेबलाचा मुख्य उजेड तिथून नको. शॉटला वाकलात की तुमच्याच डोक्याची आणि खांद्याची सावली कापडावर पडते.

थोडं राहिलं. माझी मापं आठ फुटी टेबलाची आहेत, सात फुटीला चौकट आखूड करा, नऊ फुटीला वाढवा. स्पर्धेच्या नियमांत दिवा बाजूला सरकवता येत असेल तर कापडापासून किमान ४० इंच आणि पक्का असेल तर ६५ इंच लागतो, तेव्हा मुलं पुढे स्पर्धा खेळणार असतील तर सराव त्या उंचीवर व्हायला हवा आणि मग ट्यूबही जास्त लागतील. हूक मारायच्या आधी स्लॅबमधली वायर कुठून गेलीय ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. खर्चाचं तुमच्या गावच्या दुकानातच विचारा.

आणि एक कबूल करायला हवं. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदू होता. २०१९ च्या मे महिन्यात ऑपरेशन झालं. तेव्हापासून दादा म्हणतो, बघ, शेवटी डोळेच निघाले ना, दिव्याला उगीच दोष दिलास.

दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, वहिनी पाठवतील. चौकट लावली फेब्रुवारी २०१८ ला. त्या रात्री अण्णा आपणहून जिना चढून वर आले. त्यांनी आधी एक बॉल मधोमध ठेवला, खाली वाकून त्याची सावली पाहिली, आणि मग तोच शॉट लावायला सांगितला, त्याच कोपऱ्यात, कुशनपासून चार बोटांवर. सात वेळा मारला, सहा वेळा गेला. बॉल तूच लावून देत होतास. मोतिबिंदू तेव्हाही होता. ऑपरेशन पंधरा महिन्यांनी झालं.