पाइपलाइन चालू असताना आतला गंज कसा मोजावा?

लाइन बंद न करता आतले क्षरण मोजता येते का आणि त्यासाठी कूपन (वजन करून आत सोडलेली धातूची पट्टी) लावावे की प्रोब (आत बसवलेला विद्युत मापक), असे आपण विचारले आहे. मोजता येते, परंतु माझ्या मते साधनाआधी जागा ठरवावी. तेलाच्या आडव्या लाइनमध्ये पाणी तळाशी वाहते आणि गंजही बहुधा तेथेच लागतो; माथ्यावरून सोडलेले कूपन तेलातच लटकत राहिले, तर ते चकचकीत निघेल आणि तळ मात्र झिजत राहील.

कूपन म्हणजे लाइनच्याच जातीच्या धातूची, वजन केलेली पट्टी. काही महिन्यांनी ती काढून, स्वच्छ करून पुन्हा तोलतात आणि घटलेले वजन, पृष्ठफळ, घनता व काळ यांवरून वर्षाला किती मिलिमीटर धातू जातो ते काढतात. हा आकडा त्या मुदतीची सरासरी असतो. मध्येच आठवडाभर इनहिबिटरचा (गंजरोधक रसायनाचा) पंप बंद पडला असेल, तर ते त्यातून कळत नाही. धुण्यापूर्वी पट्टीवरचा थर आणि धुतल्यावर खड्डे जरूर पाहावेत, कारण खोल पण मोजके खड्डे वजनात जवळजवळ दिसतच नाहीत.

ईआर (विद्युतरोध मोजणाऱ्या) प्रोबमधील धातूचा पातळ भाग झिजला की त्याचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे तो तेल, वायू, पाणी कशातही चालतो. मात्र हायड्रोजन सल्फाइड असेल, तर त्यावर आयर्न सल्फाइडचा वीजवाहक थर बसून धातू चक्क वाढल्याचे आकडे येऊ शकतात. एलपीआर (लिनियर पोलरायझेशन रेझिस्टन्स) प्रोब धातूला १०-२० मिलिव्होल्टचा फरक देऊन विद्युतप्रवाह मोजतो आणि काही मिनिटांत क्षरणाचा वेग सांगतो. पण त्याला वीज वाहून नेणारे पाणी सलग लागते, म्हणून कूलिंग वॉटरमध्ये तो उत्तम आणि कोरड्या वायूत निरुपयोगी.

ही सारी साधने आतल्या द्रवाची आक्रमकता सांगतात. प्रत्यक्ष भिंत किती उरली, हे अल्ट्रासोनिक मापनाने, म्हणजे ध्वनी परतायला लागणाऱ्या वेळेवरून, बाहेरून कळते. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो, म्हणजे १० मिलिमीटर भिंतीतून जाऊन परतायला त्याला जेमतेम ३.४ मायक्रोसेकंद लागतात. तापलेल्या पोलादात तो मंदावतो, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती न केल्यास भिंत आहे त्याहून जाड दिसते, आणि ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे.

आपल्या लाइनमध्ये तेलासोबत पाणी असल्यास मी तळाशी ईआर प्रोब, त्याच्या शेजारी कूपन आणि एल्बो (पाइपचे वळण) व प्रवाह थांबलेल्या फाट्यांवर ठरावीक खुणांपाशी जाडीचे मापन सुचवेन. खुणा रंगाने कायम कराव्यात, नाहीतर दोन वाचनांतला फरक गंजाचा की जागेचा, हे ठरवता येत नाही.