'प्रश्न उद्भवत नाही' म्हणजे काय?

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत मंत्र्यांच्या उत्तरांखाली 'प्रश्न उद्भवत नाही' असे वारंवार छापलेले आढळते; हा प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचा अवमान नव्हे काय, आणि 'हे अंशतः खरे आहे' यातला अंश किती समजावा, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

पहिली शंका बोलीतल्या वापरामुळे येते. 'त्याची माफी मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा तो ठाम नकार असतो, आणि त्याचा सगळा जोर 'च'वर असतो. यादीतल्या उत्तरात हा 'च' नसतो. तेथे 'वरील उत्तर पाहता हा उपप्रश्न लागू होत नाही' एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

तो लागू का होत नाही, हे प्रश्नाच्या साच्यावरून कळते. 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात झाल्यावर पहिला उपप्रश्न 'अमुक ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र बंद असून रुग्णांना खाजगी दवाखान्यात जावे लागत आहे, हे खरे आहे काय' असा येतो. पुढचे उपप्रश्न 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असे एकमेकांत अडकवलेले असतात. पहिल्याला 'हे खरे नाही' असे उत्तर आले की 'असल्यास'वर टांगलेले सारे आपोआप गळून पडते. त्यामुळे टाळाटाळ शोधायचीच असेल तर ती पहिल्या उत्तरात शोधावी. 'प्रश्न उद्भवत नाही' हा केवळ त्याचा व्याकरणिक परिणाम आहे. जो उपप्रश्न 'असल्यास' न लावता स्वतंत्रपणे विचारला जातो, त्याला हे उत्तर देणे मंत्र्यांना अवघड जाते.

'अंशतः'चे माप मात्र ठरलेले नाही. 'असून', 'तसेच' यांनी चार विधाने एका वाक्यात गुंफली आणि त्यांपैकी एक चुकीचे निघाले, तरी 'अंशतः खरे' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष ठरते. कोणता अंश खरा, हे सोबत सांगितले नसेल तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही, आणि माझ्या मते असे मोघम 'अंशतः' हे स्पष्ट नकारापेक्षाही वाईट. प्रश्नकर्तेही सावध असतात. 'दिनांक अमुक रोजी वा त्या सुमारास निदर्शनास आले' यातील 'वा त्या सुमारास' हे शब्द, तारीख एक-दोन दिवसांनी चुकली म्हणून सगळाच प्रश्न नाकारला जाऊ नये, यासाठीचा बंदोबस्त आहे. (वाक्य बेडौल होते खरे, पण ते नाइलाजाने.)

तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर पूरक प्रश्न विचारून मंत्र्यांना छेडता येते; अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते, म्हणून तेथे शब्दयोजनेला अधिक महत्त्व आहे. लोकसभेतही हाच भेद असून एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात.

'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' हे उत्तरही अनेकांना 'प्रश्न उद्भवत नाही'च्याच पंक्तीतले वाटते. तसे ते नाही. लोकसभेत असे उत्तर आश्वासन मानले जाते, आणि ते पुरे झाले की नाही हे पाहण्याचे काम शासकीय आश्वासन समितीकडे असते.